चौकोनांवरची हळद

आमच्या पासलीच्या घरात पुढच्या खोलीत एक कोरियन चित्रकार बाई पावसाळाभर राहून गेली, असं सांगितलं की लोक आधी विचारतात, जेवायची काय? पिठलं-भाकरी जेवायची, आणि मिरची आमच्यापेक्षा जास्त खायची. चित्रांचं कुणी विचारत नाही. तेव्हा मलाही त्यातलं कळत नव्हतं. मी वेल्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषीपण माझ्या गळ्यात पडलं होतं, एवढंच.

ती फक्त चौकोन काढायची. मोठ्या कापडावर चिकटपट्ट्या लावायच्या, मधे पातळ रंग द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. एका हिरव्यापायी आठवडा निघून जाई. ब्रशचा एकही फराटा दिसता कामा नये, असा तिचा हट्ट. "त्यात माझा हात दिसला की चित्र गेलं," असं ती मला म्हणाली होती. मला तो नखरा वाटला.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चित्रासमोर उभं राहून निकाल दिला. "ह्यात माणूस न्हाई, ढोर न्हाई. भावकीची वाटणी दिसती. पर बरी झालीया, कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई." मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई पोट धरून हसली. तिथून दोघींचं गूळपीठ जमलं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण दुपारी दोघी ओट्यावर लसूण सोलत बसायच्या. सासूबाई तिला "पोरी" म्हणायच्या. मला सून होऊन इतकी वर्षं झाली, मी अजून "अगं"च आहे.

ते मोठं चित्र तिच्या गावच्या प्रदर्शनासाठी होतं. सगळा पावसाळा त्यातच गेला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते पुरं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती मोकळ्या मनानं भाटघरचं धरण बघायला गेली. मी झेंडू आणायला नसरापूरला गेले.

घरी सासूबाईंनी विळे, कोयते, नांगर धुऊन मांडले आणि सगळ्यांना ओली हळद आणि कुंकू लावलं. मग त्यांच्या मनात आलं, पोरीची अवजारं तेवढी कोरडी का ठेवायची? त्यांनी ब्रशना लावलं, रंगाच्या डब्यांना लावलं. आणि सगळ्यात मोठा मान म्हणून चित्राच्या मधोमध हळदीची पाच बोटं ओढली, वर कुंकू.

मी नसरापूरहून परतले, मागोमाग ती आली आणि खोलीच्या दारातच उभी राहिली. सासूबाई कौतुकानं तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं वाकून त्यांचे हात हातात घेतले आणि येत होते त्या चार मराठी शब्दांतला एक म्हणाली, "छान." माझा जीव भांड्यात पडला. रागावली असती तर फार बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दसऱ्याला आम्ही सगळे देवळात सोनं वाटायला गेलो. सासूबाई मधूनच घरी गेल्या, पोरीला आपट्याची पानं द्यायला. ती मागच्या अंगणात चित्र आडवं टाकून ओल्या फडक्यानं घासत होती आणि रडत होती. हळद कापडात मुरली होती. वरून दिलेल्या रंगातूनही पिवळं वर येत होतं, ते मी नंतर पाहिलं. सासूबाई पानं मुठीत घेऊन तशाच परत आल्या. दिसलं ते सांगितलं आणि मला एवढंच विचारलं, "तिला नको हुतं व्हय गं?" हळदीकुंकवाला कुणी नको म्हणावं, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

आठवड्याच्या आत ती गेली. निघताना सासूबाईंच्या पाया पडली, बघूनच शिकली होती. दोघीही हसल्या. चित्र प्रदर्शनात लागलं नाही, हे तिनं नंतर मोबाईलवर कळवलं, तेही मी विचारलं म्हणून. सासूबाईंना मी ते सांगितलेलं नाही. मला दोघींचंही वाईट वाटतं, आणि दोष द्यायला कुणी सापडत नाही याचा राग येतो.

पाडव्याला आम्ही नवी स्कूटर आणली. ताट तयार केलं आणि सासूबाईंना हाक मारली, कारण आमच्याकडे नव्या वस्तूला पहिलं बोट त्यांचंच. त्या पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

"तूच लाव. माझ्या हातानं वस्तू नासत्यात."

"आत्या, काहीतरीच काय. मला तुमच्याच हातचं हवंय."

"नको आसलं," त्या म्हणाल्या, "तरी तू मला तोंडावर सांगणार हाईस व्हय?"