अब्बांचं किती धरायचं

आमच्या घरात साधी गप्पसुद्धा सरळ पार पडत नसे. खाडीपलीकडच्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं असं आई म्हणाली, की अब्बा विचारायचे, "ह्यां तुका कोणी सांगल्यान? तो थंय होतो काय?" आई म्हणायची, मासळीवालीने सांगितलं. मग मासळीवालीला कोणी सांगितलं? इथपर्यंत आलं की आई हातातलं भांडं आपटून आत जायची. मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण कॉलेजातून आणलेली माझी एकही खमंग बातमी या चौकशीत टिकत नसे.

अब्बांचं आचऱ्याला मासेमारीच्या जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान होतं. तरुणपणी त्यांनी एका म्हाताऱ्या उस्तादांपाशी बसून हदीस शिकून घेतली होती. हदीस म्हणजे पैगंबर काय बोलले, कसे वागले, ते त्यांच्या सोबत्यांनी पाहिलं-ऐकलं आणि पुढच्यांना सांगितलं, ते. मोठे ग्रंथ नंतर झाले. त्यांच्या आधी बरंचसं तोंडातून कानात असंच आलं, आणि प्रत्येक वचनाबरोबर सांगणाऱ्यांची साखळीही आली: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने. वचन कितीही गोड असलं तरी आधी साखळी बघायची. त्यातला एकेक माणूस खरं बोलणारा होता का, त्याचं स्मरण कसं होतं, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का, हे सगळं विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या खणून काढलं. माणसांची इतकी झाडाझडती लग्न जुळवतानाही कोणी घेत नसेल.

दर गुरुवारी दुपारी वाडीतल्या बायका आमच्या पडवीत जमायच्या आणि अब्बा त्यांना एखादी हदीस मालवणीत समजावून सांगायचे. आधी साखळी, मग वचन, आणि शेवटी हमखास 'अव कमा काल'. म्हणजे, किंवा जसं ते म्हणाले असतील तसं. एखादा शब्द आपल्या तोंडून इकडचा तिकडे झाला असेल तर त्याची जोखीम नको म्हणून. पैगंबरांच्या नावावर ते न बोललेलं खपवण्याइतकं भय अब्बांना कशाचंच नव्हतं.

आई गेली, दुकान तर त्याच्या आधीच विकलं होतं. भाऊ आखातात. मी कट्टा गावच्या शाळेत शिकवते, सकाळच्या एसटीने जाते आणि दुपारी परत येते. गुरुवारची पडवी मात्र चालूच राहिली. अब्बांना तेवढंच बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

गेल्या पावसाळ्यातला एक गुरुवार. अब्बा शेजाऱ्यांविषयीची हदीस सांगत होते. रस्सा शिजवशील तेव्हा पाणी जरा जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव, अशी ती आहे. साखळी त्यांनी बिनचूक म्हटली. वचनही बरोबर सांगितलं. आणि त्याच दमात पुढे म्हणाले, "आनी शेजारणीक बांगडे देवचे तर साफ करून देवचे, तिका त्रास कित्याक?" मग नेहमीसारखं 'अव कमा काल'.

बायका खूश झाल्या. बांगड्यांचं ते वाक्य मात्र माझ्या आजीचं, अब्बांच्या आईचं होतं. मासळी आली की ती ते म्हणायचीच, आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं. अरबस्तानातल्या वाळवंटात कोण कोणाला बांगडे देतंय! पण हसायची सोय नव्हती. पडवी उतरता उतरताच एक जण दुसरीला सांगत होती, बघ, पैगंबरांनी मासळीचासुद्धा विचार केलेला आहे.

भावाला फोन केला. तो म्हणाला, गोष्ट चांगलीच आहे, त्यात कोणाचं काय बिघडलं? म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखवू नकोस. मी चिडले. तिथे बसून दुखवू नकोस म्हणायला याचं काय जातं! चांगल्या गोष्टीचीच अब्बांना धास्ती असायची. लोक नेकीला लागावेत म्हणून भल्याभल्या भाविकांनी वचनं रचली होती आणि विद्वानांनी त्यांचीही गय केली नव्हती, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. वाईट वचन कोणी धरत नाही, चांगलं लगेच पसरतं, असं ते म्हणायचे.

आणि आणखी एक नियम त्यांनी मला शिकवला होता. सांगणारा खरा असतो, पण म्हातारपणी त्याचं डोकं गोंधळतं. मग काय करायचं? गोंधळायच्या आधी त्याने जे सांगितलं ते धरायचं, नंतरचं सोडायचं. आणि कधी सांगितलं तेच कळत नसेल, तर ते बाजूला ठेवायचं. अशा एका बापाला त्याच्या मुलांनी लोकांपासून दूर ठेवलं होतं, गोंधळलेल्या तोंडातून कोणी काही ऐकू नये म्हणून, आणि ते त्या मुलांच्या गुणातच धरलं गेलं. मलाही तसं करता आलं असतं. अब्बांना बरं नाही सांगून पडवी बंद करायची, की झालं. पण त्यांना न सांगता त्यांचं तोंड बंद करणं माझ्या जिवावर आलं.

शुक्रवारी नमाजाआधी ते नखं कापतात. हात थरथरतो म्हणून हल्ली मीच कापते. त्या शुक्रवारी त्यांचा अंगठा हातात धरून मी विचारलं, "अब्बा, बांगड्यांचां तां तुमी कोणाकडसून ऐकलास?"

ते लगेच सुरू झाले. माझ्या उस्तादांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी... आणि थांबले. मी नखं कापत राहिले, मान वर केली नाही. पुढच्या बोटाशी आले तेव्हा ते म्हणाले, "तां माझ्या आयेचां."

"होय."

हात त्यांनी ओढून घेतला नाही. फक्त विचारलं, "चेडवा, कधीपासून?"

हे विचारतील असं माझ्या मनातच आलं नव्हतं. खरं तर त्यांनी दुसरं काय विचारायला हवं होतं? जन्मभर सांगितलेलं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. मी याच पावसाळ्यापासून म्हटलं असतं तर त्यांचं जवळजवळ सगळंच वाचलं असतं. पण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडाला, विकलेल्या दुकानासमोर उभे राहून त्यांनी माझ्याकडे चावी मागितली होती. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी घरी येऊन तिला सांगितलं, तर ती म्हणाली, बोलू नको कोणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

आई गेली त्या दिवशी अब्बांनी मला जवळ बसवून एक हदीस सांगितली होती. जो आधी जातो, तो पुढे जाऊन मागच्यांसाठी अंगण झाडून ठेवतो. दोन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली होती. सकाळी केरसुणी हातात घेतली की रडू यायचं, पण त्या वाक्यामुळे अंगण झाडून व्हायचं. आणि आता खरं बोलायचं तर तेही सोडायच्या बाजूला पडत होतं. फार वाईट वाटलं मला, अब्बांसाठी आणि त्याहून जास्त स्वतःसाठी.

मी खरं ते सांगितलं. दुकानाची चावी, आईचं आजारपण, सगळं. त्यांनी मान हलवली आणि दुसरा हात पुढे केला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतःच बायकांना सांगितलं, "मी इसराक लागलंय, माका आता आठवत नाय. दोन वरसाआदल्या पावसापासून मी सांगललां सोडून देवा. त्याच्या आदलां ठेवा." एकीने भीत भीत विचारलं, मग बांगड्यांचं काय करायचं? अब्बा म्हणाले, साफ करूनच द्या, पण माझ्या आईच्या नावाने द्या. सगळ्या हसल्या, तेही हसले.

तेव्हापासून गुरुवारी मी पुस्तकातून वाचते आणि ते ऐकतात. अंगणाचं वचन मी शोध शोध शोधलं. मी तुमच्याआधी हौजावर, म्हणजे कयामतच्या दिवशीच्या पाणवठ्यावर, पोचलेला असेन, असं पैगंबर म्हणाल्याचं सापडलं. अंगण कुठेच नाही. एकदा मी अब्बांना अंगणाचं ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांना काही आठवेना. कोणी सांगितलं, विचारू लागले. मी म्हटलं, तुम्हीच, आई गेली त्या दिवशी, मी तिथे होते. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

या उन्हाळ्यात शेजारणीचा नवरा वारला. मी अब्बांना हात धरून तिच्याकडे घेऊन गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. जुन्या काळीही असं होई, की सांगणारा आपलंच सांगितलेलं विसरे, आणि मग ते शिष्याकडून परत घेऊन, त्याचं नाव लावूनच पुढे सांगे. हे मला ठाऊक होतं, पण अब्बांना अजून ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. ते तिच्यासमोर खाली बसले आणि सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाले, "माझ्या चेडवान माका सांगल्यान, की मीच तिका सांगललंय: जो आदी जाता, तो फुडे जावन मागच्यांसाठी आंगण झाडून ठेवता."

मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, बरोबर ना, असं. मी होय म्हटलं.