दोन गंज आणि एकच पळी

मंडळी, आज जेवताना आमच्याकडे जे झालं ते ऐका, मग तुमचं मत सांगा.

आज यांना खाणीत सुट्टी होती, म्हणून राजमा घालून डुकराचं मटण करायचं ठरलं. आमच्या घरी मटण अंगणातल्या चुलीवरच शिजतं आणि त्याचा गंजही वेगळा असतो. सासूबाईंनी मटण सोडलंय. त्यांचा नुसता राजमा मी आत करणार होते, पण नेमका गॅस संपला. मग दोन्ही गंज अंगणातच शेजारी शेजारी मांडले.

बोलता बोलता मटणातली पळी मी त्यांच्या राजम्यात घातली. कोणी पाहिलं नाही.

वाढताना मात्र माझा हात थांबला. "आई, याला मटणाची पळी लागली," मी सांगून टाकलं.

यांनी कपाळाला हात लावला. आई वाटीकडे बघत राहिल्या. राजमा त्यांच्या फार आवडीचा, सकाळपासून दोनदा विचारून गेल्या होत्या.

"कायले सांगतलं वो?" त्या हळूच म्हणाल्या. "मले का समजणार होतं?"

मग त्यांनी लोणच्यासोबत भात खाल्ला.

तुम्ही सांगितलं असतं का? मी दुपारपासून हाच विचार करतेय.

आत्ता आत गेले, तर आई एका पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधत होत्या.

"हे माही पळी," त्या म्हणाल्या. "आता राजमा भिजू घाल."