चुकलंबाईचा लॅपटॉप

धाकटे,

हे वाचायला घेतलंस की दोन ओळी होतात न होतात तोच तू म्हणशील, "माझंच चुकलं." म्हणून आधीच सांगून ठेवते, गप्प बस आणि वाच. हे मी छापायला देते आहे. तुझी परवानगी घेतलेली नाही. मागितली असती तर तू दिली असतीस, आणि मग दिली म्हणून वाईट वाटून घेतलं असतंस. तुझी समजूत काढण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, पंचाहत्तरी उलटली माझी.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते आहे असं वाटेल, पण वाचणाऱ्यांना काय माहीत? तर मंडळी, ही माझी धाकटी जाऊ. एकाच इमारतीत ती वर, मी खाली. तिची खुर्ची सरकली की माझ्या डोक्यावर वाजते. घरात तिला चुकलंबाई म्हणतात, आणि ते नाव मीच पाडलं.

लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यातली गोष्ट. सासऱ्यांच्या हातून चहाचा कप सुटला आणि फुटला. तू शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतीस. धावत येऊन म्हणालीस, "माझंच चुकलं."

"अगं, तू तर तिकडे होतीस!" सासरे म्हणाले.

"हो, पण कप मीच काठोकाठ भरला होता."

तेव्हापासून बघते आहे. कुणी तुझ्या पायावर पाय दिला तरी क्षमा तूच मागतेस. दाराला धडकलीस तर दाराचीसुद्धा मागतेस. मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला, आता नुसता थकवा येतो.

तुझं काम मात्र बिनचूक. डॉक्टर मंडळी रोगी तपासून झाला की यंत्रात पुटपुटतात, कुणी जांभया देत, कुणी काहीतरी चघळत. ते तू घरी बसून हेडफोनवर ऐकायचं आणि टाईप करायचं. टेबलाखाली एक पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प होतो. "नवऱ्यांनाही असं पेडल हवं होतं," असं मी एकदा म्हटलं, तर भावजींनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केला. तू लगेच त्यांची माफी मागितलीस. बोलले मी, माफी तुझी.

आता मुद्द्यावर येते.

तुझा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना संगणकावर खेळत बसायचा. महिनाभर खपून तो कुठल्याशा टप्प्यावर पोचला होता, आणि परीक्षेच्या काळजीनं तुझं डोकं फिरलं. भिंतीतून वायरच उपटलीस. पोरगं ओरडलं नाही, रडलं नाही. नुसतं बघत राहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस हो-नाहीच्या पलीकडे बोललं नाही. परीक्षा पास झाला, शिकला, लांबच्या शहरात नोकरीला गेला. वायर उपटण्यासारखंच होतं, माझ्या हाताशी असती तर मीही उपटली असती. पण तू ती वायर आयुष्यभर हातात धरून बसलीस.

फोनवर तुमचं बोलणं मी ऐकलं आहे. "जेवलास?" "हो." "बरा आहेस?" "हो." "बरं मग, ठेवते." तार करणारे लोकसुद्धा यापेक्षा जास्त बोलत असत.

आणि मग एका रविवारी दुपारी मी किल्ली मागायला वर आले. भावजी फिरायला गेलेले. तू पडद्यासमोर बसलेली, आणि वळण आलं की अख्खी डावीकडे कलत होतीस. पडद्यावर रस्ता, डोंगर, आणि तू ट्रक चालवत होतीस! साठीला टेकलेली बाई! पुढे आणखी एक ट्रक, तो लेकाचा. तो त्याच्या शहरात बसून पुढचा ट्रक हाकतोय, तू इथून मागचा, आणि दोघं हेडफोनमधून गप्पा मारताय. तुझा पाय टेबलाखालच्या पेडलवर गच्च दाबलेला.

"या पेडलचा ट्रकशी काही संबंध आहे का?" मी विचारलं.

"नाही हो ताई. पण पाय ऐकत नाही."

मग चोरी पकडल्यासारखी लाल झालीस. "यांना सांगू नका. गेम म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे म्हणतात. तोच म्हणाला होता, ये आई, एक चक्कर मारू. अधूनमधूनच खेळतो आम्ही." अधूनमधून म्हणजे दर रविवारी, हे मला वरच्या खुर्चीच्या आवाजावरून नंतर कळलं. पण तेही कळलं की ट्रकमध्ये बसला की पोरगा बोलतो. शेजारी कोण राहायला आलं, भात कसा करपला, काय वाचलं. समोरासमोर नसलं, नजर रस्त्यावर असली की त्याला शब्द सुचतात. बापावर गेलाय.

लॅपटॉप त्याचाच जुना, जाताना सोडून गेलेला. एका रविवारी ट्रक घाटात असताना तो म्हणाला, "आई, तुला एक सांगायचं होतं. कसं सांगू कळत नाही..." आणि पडदा काळा झाला. जळका वास आला. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडलं आणि तोंड पाडून म्हणाला, "बाई, याला आता शांतपणे जाऊ द्या."

तू फोन केलास. "काय सांगणार होतास रे?"

"काही नाही गं. असंच."

झालं. तुझा जीव टांगणीला. आजारी आहे का, संसारात काही बिनसलंय का, आणि जे काही असेल त्यात आपलं काय चुकलं. नवा लॅपटॉप कामासाठी लागणारच होता, तो घ्यायला भावजींनी मोडता घातला नाही. पण तुला तो कशासाठी हवा होता हे तुला आणि मलाच ठाऊक.

तू चांगला अभ्यास केला होतास. खाली येऊन मला समजावलंस. आपल्या ऐपतीत दोन बसतात. एक जाडजूड, गेल्या वर्षीचा, पंखा घरघरणारा, पण चित्रांसाठी त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. दुसरा सडपातळ, नवा, दिसायला देखणा. टाईप करायला दोन्ही चालतील. ट्रक फक्त जाड्यावर पळेल. ठरलं. जाडा घ्यायचा. बरोबर मी कशाला, तर आयत्या वेळी तुझा पाय मागे पडू नये म्हणून.

दुकानात गळ्यात ओळखपत्र लटकवलेला विक्रेता पुढे आला. "आजी, तुम्ही बसा ना."

"मी बसले तर उठवायला तुलाच हात द्यावा लागेल. आधी हिचं बघ."

"बोला मॅडम. वापर काय असेल?"

"घरून काम. टायपिंग."

"आणखी काही?"

तू माझ्याकडे बघितलंस, मग छताकडे. "अधूनमधून... थोडे गेम."

"अरे वा! कोण खेळतं?"

साधा प्रश्न होता. 'मी' म्हणायचं होतं, एक अक्षर. पण तुझ्या मागे उभ्या असलेल्या बाईनं मान वर केली आणि तू बावरलीस. "घरात... लहान आहे एक."

"केवढा आहे?"

"लहानच आहे."

तुझं लहान तिशी ओलांडलेलं, कपाळ मागे सरकलेलं! मला ठसका लागला.

विक्रेता मोकळेपणानं हसला आणि त्यानं जाडा बाजूला सारला. "मग हे ओझं कशाला मॅडम? लहान मुलांचे गेम या पातळवर मस्त चालतात. रॅम जरा कमी आहे, म्हणजे त्याची स्मरणशक्ती हो, पण आत एक खाच रिकामी ठेवलीय. पुढे जास्त रॅम लागली तर आणा, मी बसवून देतो."

मी तुझ्या दंडाला चिमटा काढला. "धाकटे, खरं काय ते सांग."

"राहू द्या ताई. इतक्या आपुलकीनं सांगतोय तो. आता खोटं बोलले म्हणायचं का त्याला?"

अशी चूक जगात दुसरं कुणी करेल असं मला वाटत नाही. विक्रेत्याला वाईट वाटू नये म्हणून बाईनं नको असलेली वस्तू विकत घेतली! पातळ लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून तू सिग्नलपाशी उभी राहिलीस आणि तुझे डोळे भरून आले. "माझंच चुकलं."

"हो," मी म्हटलं, "आज पहिल्यांदा खरं बोललीस."

परत जाऊन बदलून आणू, असं मी म्हणाले होते. तू नुसती मान हलवत राहिलीस. मग मीही वैतागले आणि रिक्षाला हात केला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम वर येऊन बसले. हेडफोनची पिन नव्या मशीनला बसेना, म्हणून आवाज मोकळाच ठेवलास. ट्रक निघाला तो असा, की कुणी चित्रांच्या वहीची पानं चुकत-माकत उलटावीत. मधला रस्ता गायब, झाड एकदम मांडीवर. मग तेही थांबलं आणि मधोमध एक गोल गरगरायला लागला.

"आई, कुठे राहिलीस?"

"आले, आले. माझंच..." मी डोळे वटारले. तू पुढचा शब्द गिळलास.

"थांब तिथेच. मी मागे येतो." थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "आलो. तुझ्या मागेच उभा आहे, दिवे लावून." आपल्या पडद्यावर गोलच होता. "नवा घेतलास ना? कुठला घेतलास?"

तू नाव सांगितलंस.

"हा तुला कुणी विकला?"

"मीच घेतला. लहान मुलासाठी आहे म्हणाले."

"कुठलं लहान मूल?"

"तू."

केवढ्यांदा हसला तो! मीही हसले, तूही. हसून झालं तरी गोल फिरतच होता. ट्रक हलेना, रस्ता पुढे जाईना. हाकायला काही नाही, वळायला काही नाही. तसं बसलेलं असताना तो म्हणाला, "आई, माझी नोकरी गेली. गेल्या हिवाळ्यातच. तेव्हापासून एका गोदामात माल लावतो. भागतं माझं. पण सांगायचं राहिलं होतं."

"इतके दिवस? मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'माझंच चुकलं.' मग माझी नोकरी राहिली असती बाजूला आणि मी तुझीच समजूत काढत बसलो असतो. तेवढा दम नव्हता गं माझ्यात."

धाकटे, मी तुझ्याकडे बघत होते. तुझे ओठ मिटले होते, 'माझंच'मधला 'मा' तिथे येऊन उभा होता. बाहेर पडला असता तर पोरगा पुन्हा 'काही नाही गं, असंच'वर गेला असता, हे मला दिसत होतं आणि मला मधे बोलता येत नव्हतं. मी, आणि मधे बोलता येत नाही! मग टेबलाखाली तुझा पाय हलला. पेडलवरून तू तो उचललास. डॉक्टरांना गप्प करतेस तसा.

आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलंस, "दिवसभर उभं राहून पाय दुखतात का रे?"

"खूप दुखतात गं," तो म्हणाला. आणि सुटला. बूट कसे चावतात, मुकादम कसा खेकसतो, पण डबा कसा वाटून खातो, बायकोनं कसं सांभाळून घेतलं. भावजी फिरून आले, दारातच थबकले, खुर्ची ओढून बसले. रिकामटेकड्यांचा धंदा वगैरे काही म्हणाले नाहीत. पडद्यावर गोल फिरत होता, आणि तो लवकर थांबू नये असं मला वाटत होतं.

महिन्याभरानं त्यानं कुरियरनं ती रॅम पाठवली. बोटभर हिरवी पट्टी, वर काळे चौकोन. "बसवून घे आई, थोडा तरी पळेल." तू ती माझ्याकडे दिलीस, वर ठेवली तर हरवेल म्हणून. शनिवारी दोघींनी दुकानात जायचं ठरलं. त्या शनिवारी तुझ्या डॉक्टरांचं काम तुंबलं. पुढच्या शनिवारी माझे गुडघे धरले. मग दुकान बंद असेल असं आपल्याला वाटलं, आणि आपण फोन करून विचारलं नाही. दर रविवारी तुझा ट्रक कुठेतरी अडकतो, तो मागे येऊन दिवे लावून थांबतो आणि बोलतो. निघताना विचारतो, "बसवलीस का गं?" तू म्हणतेस, "या शनिवारी." आणि नंतर खाली येऊन माझ्यापाशी कानकोंडी होऊन बसतेस: पोरानं गोदामात घाम गाळून घेतलेली वस्तू, आणि आपण त्याच्याशी खोटं बोलतो. बोलतोच. यात मीही आहे, तेव्हा सगळा मान तू एकटीनं घेऊ नकोस.

आता हे छापून आलं की त्यालाही कळेल. कळू दे.

पट्टी माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत आहे, पलंगाशेजारच्या खणात. या शनिवारी तू मोकळी आहेस का? मी नाही.