रोज अडीच वाजता आप्पा

मित्रहो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

कोयनानगरजवळच्या आमच्या वाचनालयात सत्तरच्या दशकातल्या भूकंपाच्या धक्क्यांच्या नोंदी आहेत. त्या लिहिणाऱ्या आप्पांनीच म्हातारपणी त्या संगणकावर उतरवल्या. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. आप्पा चार महिन्यांपूर्वी गेले.

आज संगणक सारखा बंद पडू लागला. बॅकअप पाहिला, तर चार महिने झालेलाच नव्हता, आणि जुन्या प्रती महिन्याभराने आपोआप पुसल्या जातात. संगणक आपोआप ठेवतो त्या लॉगमध्ये रोज दुपारी अडीचला एकच ओळ होती: आप्पांच्या नावाने प्रवेशाचा प्रयत्न, पासवर्ड चुकीचा.

ग्रंथपाल सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "आवं सर, आप्पा ह्याच टायमाला यायचं की!"

मग उलगडलं. बॅकअप आप्पांच्या खात्यावरून, त्यांनीच लावलेल्या त्यांच्या येण्याच्या वेळेला, आपोआप चालायचा. तेराव्यानंतर आम्ही खात्यावर त्यांचं नाव आदराने तसंच ठेवलं, पासवर्ड तेवढा बदलला. बॅकअपमध्ये मात्र जुनाच साठवलेला राहिला.

"आता दुसऱ्या कुणाचं नाव घालू?" मी विचारलं.

"नगं. चार म्हैनं दारातनं माघारी धाडलं त्येंना. आता येऊ द्या आत."

नवा पासवर्ड भरला. अडीचला आप्पांच्या नावाने बॅकअप पूर्ण झाला, नोंदी सुखरूप राहिल्या. आम्ही दोघं उभीच होतो. संगणकासमोरच्या त्यांच्या खुर्चीत बसायचं कुणालाच सुचलं नाही.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने अजून काय चालू आहे, पाहिलंय कधी?