सोमवारची तिथी

वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीत माझ्या चुलत जाऊबाई राहतात, रतनबाई. कामाला वाघ, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत, पण एकदा रुसल्या की दगड. म्हैस विकण्यावरून त्यांचं सासूशी, सगुणाबाईंशी वाजलं आणि अबोला झाला. सगुणाबाई गोठ्यापलीकडच्या खोलीत वेगळ्या राहू लागल्या. तरी रोज संध्याकाळी रतनबाई भाकरी-कालवण झाकून त्यांच्या पायरीवर ठेवत. सकाळी तिथं घासलेली ताटली असे. दोघींचं बोलणं म्हणजे एवढंच.

श्रावण सरता सरता गोठ्याकडून वास येऊ लागला. घूस मेली असेल म्हणून रतनबाईंनी फिनेल टाकलं. त्यांचे यजमान धनाजीभाऊ पानशेतला एका बंगल्यावर राखणीला असतात. ते शुक्रवारी घरी आले, आईला हाक मारायला गेले, आणि दार लोटून तसेच मागे फिरले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा रतनबाई म्हणाल्या, काल रात्री जेवल्या की, ताटली रिकामी होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगुणाबाईंच्या प्रेतावरच्या अळ्या बाटलीत काढून घेतल्या होत्या. त्यांनी नवराबायकोला बसवून समजावलं. मारहाणीची खूण नाही, हृदय बंद पडलं असावं. पण काल जेवल्या हे शक्य नाही. माणूस गेलं की निळ्या-हिरव्या माश्या थोड्याच वेळात येऊन अंडी घालतात. अळ्या केवढ्या झाल्यात आणि हवा किती गार होती, यावरून दिवसाचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजानं सगुणाबाई सोमवारीच गेल्या होत्या.

"मंग भाकर कोण खात व्हतं?" धनाजीभाऊंनी बायकोला विचारलं.

रतनबाई बोलल्या त्या घरी आल्यावर, चुलीपुढे, माझ्याजवळ. त्या आठवड्यात ताटली रिकामी असायची, पण खरकटी, कधी पायरीखाली पडलेली. वाडीतलं कुत्रं चाटून जात होतं. "मला वाटलं, मला खिजवाया घासत न्हाईत. म्या रागानं घासायची आन पुन्ना भरून ठिवायची."

दुसऱ्या दिवशी दहावा ठरवायला भावकी बसली. धनाजीभाऊ खाली मान घालून म्हणाले, आई गेल्याचा दिवस शुक्रवार धरा. सोमवार धरला तर सून त्याच अंगणात राहून सासूला बघायला गेली नाही, हे साऱ्या पाहुण्यांना कळणार, आणि दर वर्षी त्या तिथीला तो विषय पुन्हा निघणार. चिमाजीतात्या भावकीत सगळ्यांत वडील. तेही म्हणाले, बाईमाणसाची अब्रू आहे, शुक्रवारच बरा.

रतनबाई मोठ्यांपुढे कधी बोलत नसत. त्या पदर सावरत दारातून पुढे आल्या.

"सोमवारच धरा, तात्या. आत्याबाई गेल्या त्ये माश्यांना कळलं, मला न्हाई."

कुणी वर बघेना. तात्यांनी सोमवारपासून बोटं मोजली. दहावा बुधवारी आला. रतनबाई आत जाऊन पिंडाचे तांदूळ निवडायला बसल्या. मी शेजारी बसले, तर त्यांनी सूप थोडं पलीकडे वळवलं. तोंड दिसू नये म्हणून.