मामांचे सयामी मुष्टियुद्ध

मामा सयामहून नाशिकला परतले, त्या दिवसापासून आमच्या घरात कोणालाही स्वस्थ बसून जेवता आले नाही. बँकॉकच्या एका कापडपेढीवर त्यांनी अर्धे आयुष्य कारकुनी केली आणि येताना आणला तो तिथल्या मुष्टियुद्धाचा इतिहास. तो ते हातापायांनी सांगत. जुन्या लढायांत तलवार पडली की सयामी शिपाई गुडघा चालवी, हे सांगताना मामांचा गुडघा ताटाला लागे आणि आमटी भिंतीवर जाई. पुढे ही विद्या जत्रांतला खेळ झाली आणि खेळाडू मुठींना सुताची दोरी गुंडाळू लागले, हे पटवण्यासाठी त्यांनी एकदा विहिरीच्या पोहऱ्याची दोरी सोडून हातांना गुंडाळली. सगळी आळी रिकाम्या घागरी घेऊन ताटकळली. फेरी मोजायला तिकडे भोक पाडलेली करवंटी पाण्यात सोडत. ती बुडाली की फेरी संपली. मामांनी ती घंगाळात सोडून आमची जेवणे मोजायला सुरुवात केली, तेव्हा मामी म्हणाली, "अहो, माझी भाकरी करवंटीच्या हुकमाने भाजत नाही. उचला ती!"

अलीकडे तिकडे एक खेळाडू मार लागून मेला आणि दोरी जाऊन हातमोजे आले, रिंगण आले, घड्याळ आले, हे मात्र ते हळू आवाजात सांगत. "बरंच झालं," म्हणत, "माणूस जगला तर खेळ."

ही विद्या आपल्याबरोबर जाऊ नये, नाशकात एकाने तरी ती घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पंचवटीतल्या तालमीचे वस्ताद ऐकत नव्हते. "मामा, लाल मातीत लाथ? आमच्याकडे चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात." शेवटी नागपंचमीला एक लढत ठरली. ती पटली तर मामांना शिष्य मिळणार, नाही तर विषय कायमचा बंद.

वस्तादांचा एक आडदांड पठ्ठ्या समोर उभा राहिला. मामांनी पूर्वेला तोंड करून गुडघे टेकले, आपल्या सयामी गुरूला वंदन केले आणि संथपणे हात फिरवत लाल मातीच्या हौद्याला फेरी घातली. वस्ताद पाहायला पुढे सरकले. मग पठ्ठ्याने मामांनी शिकवल्याप्रमाणे लाथ मारली. ती मामांच्या मांडीला लागताच तो वाकला, त्यांना हात लावला आणि तो कपाळी नेला.

"वाकतोस काय? मार!"

त्याने मारली आणि तो पुन्हा वाकला. "मामा, तुम्ही वडीलधारे. राहवत नाही हो."

चिडून मामांनी त्याच्या वाकलेल्या पाठीवर लाथ हाणली, आणि लगेच स्वतःच वाकून नमस्कार केला.

लोक हसून लोळले. मामाही हसले, पण हौद्यातून वर येताना त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. वस्ताद त्यांच्याजवळ गेले. "लाथ राहू द्या, मामा. ते सुरुवातीचं वंदन आमच्या पोरांना शिकवा."

"तेवढंच?"

"तेवढंच. उद्यापासून या."

मामा गेले, आणि पुढे रोज जात राहिले.

त्यांना देवाघरी जाऊन आता महिना झाला. सयामी मुष्टियुद्ध नाशकात कोणाला येत नाही. तालमीतली मुले कुस्तीआधी पूर्वेला तोंड करून गुडघे टेकतात.