सरांच्या दंडातला सेन्सर

औषधं बनवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, मालाला एक्सपायरी असते. पण आमच्या लॅबमधल्या किश्श्यांना न्हाई! दुपारी डबे उघडले की कोणीतरी सुरू करतंच, "ते आठवतंय का, तव्हा काय झाल्तं…" आन् मंग भाजी गार होऊन जाते.

आमची कंपनी जालना एमआयडीसीत. नाव लय मोठं, जागा दोन खोल्यांची. एका बाजूला सळयांची रोलिंग मिल, दुसऱ्या बाजूला बियाण्यांची फॅक्टरी, आन् मधी आम्ही चौघं. मालक जाधव सर, कोटिंगवाल्या गायकवाड मॅडम, मशिनी सांभाळणारे रफिकभाई, आन् सिरप-गोळ्यांवाला मी, केदारखेड्याचा.

* * *

आमचा वजनकाटा लय नाजूक. शेजारी मिल सुरू झाली की काट्यावरचे आकडे नाचायला लागायचे. मॅडमला तर मिलिग्रॅममधी मोजायचं असतं. शेवटी त्यांनी मिलच्या फोरमनलाच फोन लावला, "दादा, पाच मिनिटं मशीन थांबवता का? मला दोन मिलिग्रॅम पावडर मोजायचीय."

मंग फोरमन अदबीनं म्हणाला, "थांबवतो ना मॅडम. पण दोन मिलिग्रॅम म्हंजे किती टन?"

* * *

लेकरांच्या तापाचं एक औषध विषासारखं कडू होतं. मी त्याला मोसंबीचा स्वाद दिला. जालन्यात दुसरं काय देणार? चाखायला सगळ्यांना लायनीत उभं केलं. रफिकभाईंनी चमचा तोंडात घातला आन् डोळेच मिटले.

"कडू लागून राह्यलं का?" सरांनी विचारलं.

खरं बोलावं तर माझं तोंड पडणार, खोटं बोलावं तर लेकरं थुंकणार. रफिकभाईंनी घोट गिळला आन् म्हणाले, "औषध एक नंबर झालंय सर. फक्त ही मोसंबी आपल्या जालन्याची न्हाई, कुठनं तरी बाहेरून आलीय!"

सर खूश. मला तीन महिने परत तेच काम.

* * *

आता मुख्य मालाकडं येतो. आमचं खरं काम म्हंजे एक सेन्सर. तांदळाच्या दाण्याएवढा. कातडीखाली बसवला की शरीरातली साखर सारखी मोबाईलवर दाखवत राहतो. घोळ एकच. अंगात परकी वस्तू घुसली की अंग तिच्याभोवती जाळं विणतं आन् सेन्सर आंधळा होतो. तसं होऊ नये म्हणून त्याला वरून कोटिंग लागतं. ह्या कोटिंगसाठी गायकवाड मॅडमनी पुण्याची नोकरी सोडली होती. लोकांनी येड्यात काढलं. बाईनं ऐकलं न्हाई.

मॅडमच्या आई वडीगोद्रीला राहतात. मॅडमनी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, तर आई म्हणाल्या, "म्हंजे नव्या सुनंसारखं! घरात राहायचं, पण कोणाला टोचायचं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "आई, मंग कोटिंग सुनेलाच का? सासूला नको?"

हा किस्सा मॅडमनी डब्याच्या वेळी सांगितला. दुसऱ्या महिन्यात सर हैदराबादला भाषणाला गेल्ते. तिथून टाळ्या घेऊन आले. कशावर? "माझी आई एकदा मला म्हणाली…" बोला आता! त्या दिवशी मॅडम सरांशी एक शब्द बोलल्या न्हाईत. मी असतो तर डबाच फेकून मारला असता.

* * *

सरांना स्वतःलाच शुगर. सरांची बायको, म्हंजे आमच्या वहिनी, कंपनीच्या डायरेक्टर, आन् घरच्याही त्याच. त्यांच्या हुकमानं लॅबमधी साखर बंद. चहा फिका. वाढदिवसाला काकडी कापायची! वर सर आम्हाला ग्यान देणार, "मनावर ताबा पाहिजे. मी पहा, वर्ष झालं, गोडाला शिवलो न्हाई."

रफिकभाई हळूच म्हणायचे, "सरांच्या गाडीत मुंग्या कशा काय मंग?"

* * *

माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी आली तव्हा पहिला माणूस म्हणून कोणीच तयार होईना. सर छाती काढून पुढं आले. डॉक्टरांनी त्यांच्या दंडात सेन्सर बसवला. सरांनी सगळीकडं फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'विज्ञानासाठी!'

आन् तो दिवस आला. सोलापूरहून पैसे लावणारे पाहुणे येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर काम पुढं, न्हाईतर शटर खाली. मॅडमनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी वडीगोद्रीवरून येणार, म्हणून सर त्यांना आणायला तिथपर्यंत गेले. त्यांना यायला उशीर झाला, सर हायवेला एकटेच थांबले.

सगळे आले, बसले. वहिनी पहिल्या रांगेत. मॅडमनी मोठ्या पडद्यावर सरांच्या साखरेची रेघ लावली. सकाळपासून रेघ कशी सरळ, शिस्तीत. आन् मंग वडीगोद्रीच्या टायमाला ती जी वर निघाली, ती थांबायचं नावच घेईना! आमच्या डोळ्यादेखत अजून चढून राह्यली होती.

मोठ्या पाहुण्यानं विचारलं, "हे असं कसं?"

सर पडद्याकडं बघंनात, वहिनीकडं तर बिलकुलच न्हाई. तेवढ्यात वहिनीच उठल्या. भरवशानं म्हणाल्या, "साहेब, मशीन चुकतंय. सकाळी मी स्वतः यांना नाचणीची आंबील दिलीय. वर्षभर यांनी गोडाचा कण खाल्लेला न्हाई. माझा माणूस मला माहीत आहे."

मेलो! सेन्सर खरा तर सर गेले, सर खरे तर सेन्सर गेला.

पाहुण्यानं लॅपटॉप मिटला. मॅडमचे डोळे भरून आले. मला रडू यायचंच बाकी होतं. रफिकभाई बोटाला सुई टोचून साखर तपासायचं यंत्र घेऊन धावले, "सर, बोट द्या, आत्ता कळतंय!" सरांनी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

सरांनी एकदा मॅडमकडं पाह्यलं. एवढ्या वर्षांत त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मंग त्यांनी घसा साफ केला.

"सेन्सर बराबर हाय," सर म्हणाले. "जिलेबी. गरम होती. पाव किलो."

पाहुण्यानं लॅपटॉप परत उघडला. "रेघ कुठल्या टायमाला उठली?" त्यानं विचारलं, आन् मॅडम एकदम सावरून पडद्याकडं धावल्या.

वहिनी सरांजवळ गेल्या, त्यांचा दंड धरला, सेन्सर बसवलेल्या जागेवरून हळूच बोट फिरवलं. मंग मॅडमकडं वळल्या.

"गायकवाड मॅडम, हे कधी काढायची गरज पडते का हो?"